पारडं रिकामं करून

माझे सासरे वजनकाटे दुरुस्त करतात आणि उरलेल्या वेळात माणसं. दोन्ही कामांत आपला हात कुणी धरणार नाही, असं त्यांचं स्वतःचं मत आहे. काट्यांच्या बाबतीत ते खरंही आहे. बाजारातले निम्मे दुकानदार त्यांना नावाने ओळखतच नाहीत, नुसतं काटेवाले म्हणतात. माणसांच्या बाबतीत मात्र पंचाईत अशी, की घरात आम्ही तिघंच. बाबा, माझा नवरा आणि मी. त्यामुळे वैद्य हौशी आणि गिऱ्हाइकं कमी. जे काय उकळायचं, कुटायचं, भिजवायचं ते आमच्याच घशात उतरायचं.

खोटं कशाला बोलू, मला त्याचा फायदा झालेला आहे. मी ड्रायक्लीनिंगच्या दुकानात डाग काढायचं काम करते. दिवसभर त्या द्रावणांचा वास घेऊन घसा पार सोलवटून जायचा, रात्री खोकून खोकून बरगड्या दुखायच्या. बाबांनी ज्येष्ठमधाचा काढा सुरू केला आणि महिन्याभरात माझा आवाज असा काही खणखणीत झाला, की नवरा म्हणाला, "बाबा, हिला जरा कमीच द्या, मला दोन्ही कान लागणारेत अजून." जेवणानंतर ओवा, उन्हाळ्यात सब्जाचं पाणी, पोट बिघडलं की सुंठ आणि गूळ. हे सगळं मी हसत हसत घेतलेलं आहे. माझं भांडण त्या झाडपाल्याशी नव्हतं. ते आजही नाही.

भांडण होतं बाबांच्या स्वभावाशी. माणूस म्हणजे काट्याचा माणूस. 'चिमूटभर' हा शब्द त्यांना शिवीसारखा लागतो. स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यात त्यांचा पितळी तराजू असतो, त्यात लसूण तोलायचा, आलं तोलायचं, हळद तोलायची. मी भाजीत मीठ अंदाजाने टाकते हे पाहून ते इतक्या वेळा मान हलवायचे, की एकदा मी चमचाच त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "घ्या, तुम्हीच करा, मी निघाले कामावर." त्यांनी केली. मीठ बरोब्बर पडलं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

हे वेड त्यांना आधीपासून नव्हतं म्हणतात. सासूबाई मी या घरात यायच्या आधीच गेल्या, छातीच्या दुखण्याने. दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी बाबांना बाहेर बसायला सांगितलं, आणि ते बसले. आतून कुणीतरी येऊन सगळं संपल्याचं सांगेपर्यंत ते नुसते बसून होते. एवढंच एकदा मला बोलले होते. "मी नुसता बसलो होतो गं. हातात काही कामच नव्हतं." त्यानंतर त्यांनी पुस्तकं आणली, जाणत्या लोकांना गाठून विचारलं आणि खलबत्ता हातात धरला तो धरलाच.

मग नवऱ्याच्या हृदयातली झडप खराब निघाली. जिना चढताना दम लागायचा म्हणून दाखवायला गेलो, तर थेट छाती उघडायची भाषा. उघडली. धातूची झडप बसवली. शांत खोलीत शेजारी बसलं तर तिची टिकटिक ऐकू येते. पहिल्या पहिल्यांदा मला तो आवाज ऐकून झोप लागायची नाही, नंतर तो ऐकल्याशिवाय झोप लागेना. हृदयाच्या डॉक्टरबाईंनी आम्हा तिघांना समोर बसवून समजावलं होतं. रक्त पातळ ठेवायची गोळी आता जन्मभर. गोळी कमी पडली तर झडपेवर रक्ताची गाठ धरेल, जास्त झाली तर कुठूनही रक्त सुटेल. म्हणून अधूनमधून रक्त तपासायचं आणि रिपोर्ट बघून गोळी कमीजास्त करायची. मधल्या रेघेवर चालायचं, इकडे नाही आणि तिकडेही नाही.

मला ऐकूनच घाम फुटला. बाबांचा चेहरा मात्र उजळला. हे त्यांच्या ओळखीचं काम होतं.

"डॉक्टरबाई, काळजी करू नका," ते म्हणाले, "काटा मधे ठेवायचं काम मी जन्मभर केलंय."

"दुसरं काही औषध चालू आहे का यांना?" बाईंनी विचारलं.

"एकही नाही. डोकेदुखीची गोळीसुद्धा घेऊ देत नाही मी."

मी मधे तोंड घातलं. म्हटलं, "बाबा, ते तुमच्या काढ्यांचं सांगा ना."

"ते औषध नाही, ते अन्न आहे," बाबा मला म्हणाले, आणि बाईंकडे वळून, "घरचं साधं खाणंपिणं हो, स्वयंपाकघरातलंच."

बाई हसल्या. बाहेर पेशंटची ही गर्दी, फोन वाजतोय, दारात नर्स उभी. "घरचं जेवण उत्तम. फक्त पालेभाज्या एकदम कमीजास्त करू नका," म्हणाल्या आणि पुढचा पेशंट आत आला. कुणाला काय नावं ठेवायची सांगा. बाईंनी विचारलं, बाबांनी उत्तर दिलं, मीसुद्धा बोलले, आणि तरी जे सांगायचं होतं ते त्या खोलीत कुणी सांगितलंच नाही.

घरी आल्यापासून बाबांनी नवऱ्याला हातात घेतला. सकाळी उपाशीपोटी लसूण कुटून, आल्याचा रस पिळून, मधात कालवून. बापलेक काट्यांच्या दुकानात जाताना अर्जुनाच्या सालीचा काढा, थर्मासमध्ये. संध्याकाळी दुधात हळद, आणि हळद म्हणजे रंगापुरती नव्हे, चांगली तोललेली. आमच्या घरात गजराच्या आधी लसणाचा वास यायचा. नवरा एका दमात पिऊन टाकायचा, तोंड वेडंवाकडं करायचा आणि पेला पालथा करून दाखवायचा. बापाचा चेहरा असा खुलायचा, की मी काही बोलायला तोंड उघडलेलं तसंच मिटायची. त्या माणसाला मी एवढं खूश फक्त जुना अडलेला काटा सुटल्यावर पाहिलेलं आहे.

मी नवऱ्याला एकटा गाठून विचारलं, "तुला खरंच बरं वाटतं का त्याने?"

"त्यांना बरं वाटतं," तो म्हणाला. "माझं काय जातंय?"

काय जातंय ते मला माझ्या कामामुळे आधी कळलं. उशीच्या अभ्र्यावर डाग. बारीक, कडेला जरा पिवळट, मधे लालसर. लोकांच्या कपड्यांवरचे डाग बघूनच मी सांगते की हे काय आहे आणि किती जुनं. हे रक्त होतं आणि ताजं होतं. गार पाण्याखाली धरलं, निघालं. परत काही दिवसांनी तसाच डाग. मग बाहीच्या कडेला. मग त्याच्या दंडावर एक निळी-काळी खूण, तळहाताएवढी. कशाने झाली विचारलं तर म्हणे, मोठा काटा उचलताना लागलं असेल.

"आणि तोंडातून रक्त येतंय ते?"

"ब्रश कडक आहे."

"ब्रश मी आणलाय. मऊ आहे."

"मग दात कडक असतील," म्हणून हसला. त्याचं हे असं. मी रागावले की विनोद करायचा, आणि विनोद इतका भिकार असायचा की माझा राग विनोदावरच निघायचा.

मी हट्टाने त्याला तपासणीला पाठवलं. बापलेक दोघं मिळून जायचे, दुकानाजवळच रक्त तपासायची जागा होती. रिपोर्ट आला, त्यात उलटंच. रक्त हवं त्यापेक्षा घट्ट. डॉक्टरबाईंनी गोळी वाढवली. मी फोन करून सांगितलं, अहो, हिरड्यांतून रक्त येतंय, अंगावर डाग पडतायत, आणि तुम्ही गोळी वाढवताय. त्या म्हणाल्या, रिपोर्ट स्पष्ट आहे, रक्त घट्ट असताना गोळी कमी केली तर झडप बंद पडेल. पुढच्या वेळी पुन्हा पाहू. पुढच्या वेळी पुन्हा तेच. घरात माणूस गळतोय आणि कागदावर घट्ट. मी भांडायचं कुणाशी? नवऱ्याशी भांडले, तो रिपोर्ट दाखवायचा. बाबांशी भांडले, ते रिपोर्ट दाखवायचे. डॉक्टरबाईंशी भांडायला गेले, तर त्यांच्याकडे रिपोर्ट पहिल्यापासून होताच. मला वेड लागलंय की काय असं वाटायला लागलं. अभ्रे धुवून वाळत घालायची आणि त्यांच्याकडे बघत उभी राहायची.

बाबांचं दुकान तुम्ही पाहिलं नसेल. अरुंद, लांबोडकं, भिंतीला ओळीने वजनं मांडलेली. पुढे नवरा बसतो, त्याच्याकडे विजेवरचे काटे. मागे बाबा, त्यांच्याकडे जुने, दांडीचे. एकदा मी डबा द्यायला गेले असताना एक फळवाला आला होता. घाईत होता. काटा टेबलावर आपटला आणि म्हणाला, वजन ठेवून बघा ना लवकर, कमी दाखवतोय. बाबांनी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. पारडं उचललं, फडक्याने पुसलं, खालच्या खाचेतली सुकलेली साल काडीने काढली, परत पुसलं. "आधी पारडं रिकामं," ते त्याला म्हणाले. "कालचा माल वर चिकटलेला असताना तपासलं, तर मी काटा तपासला का तुझा कचरा? रिकाम्यावर शून्य आलं पाहिजे. मग वजन." फळवाला तोंड वाकडं करून उभा राहिला. मलाही तेव्हा हसू आलं होतं. कामातला त्यांचा हा चोखपणा मला आवडायचा, घरात तेवढा नको व्हायचा.

ज्या दिवशी झालं, त्या दिवशी सकाळी नवरा दुकानात काउंटरवर बसला होता. मी माझ्या दुकानात कुणाच्या तरी कोटावरचा शाईचा डाग काढत होते. बाबांचा फोन आला. बाबा फोनवर कधी बोलत नाहीत, त्यांना त्या यंत्राचा राग आहे. त्यामुळे त्यांचं नाव दिसलं तेव्हाच मी कोट बाजूला टाकला. म्हणाले, "हा नीट बोलत नाहीये. एक बाजू लोंबतेय त्याची. तू ये." मी अॅप्रनसकट धावले.

मेंदूत रक्तस्राव. अपघात विभागातल्या डॉक्टरने सांगितलं आणि पडदा ओढला. त्याचं रक्त आता इतकं पातळ होतं, की सुई टोचलेल्या जागेवरचा कापूस सारखा बदलावा लागत होता. ते मी डोळ्यांनी पाहिलं. लाल कापसांनी भरलेलं ते भांडं पाहिलं. आयुष्यभर रक्ताचे डाग काढले मी, मला कधी भीती वाटली नव्हती.

डॉक्टरबाई आल्या. या वेळी त्यांनी खुर्ची ओढली आणि बाबांच्या समोर बसल्या. म्हणाल्या, "मागच्या तपासणीत रक्त घट्ट होतं. त्याला काही फार दिवस झाले नाहीत. मी वाढवलेल्या गोळीने एवढं व्हायला नको. घरी अजून काय घेत होते हे?"

"औषध काही नाही."

"औषध नका सांगू. सगळं सांगा. खाणं, पिणं, काढे, काहीही."

बाबांनी सांगितलं. लसूण किती, आलं किती, हळद किती, साल किती आणि किती पाणी आटवून किती करायचं. एकेक प्रमाण चोख. त्या माणसाचा मुलगा पडद्यापलीकडे पडलाय आणि तरी प्रमाण सांगताना त्यांच्या आवाजात ताठपणा आला. आणि मग ते म्हणाले, "पण तपासणीच्या वेळी माझं मधे काही नसतं हं, डॉक्टरबाई. रक्त द्यायच्या आधी थोडे दिवस मी सगळं बंद ठेवतो. तुमच्या गोळीचा हिशोब तुमच्या गोळीचाच यायला हवा. आधी रिकामं, मग तपासणी. रक्त देऊन आला की त्याच संध्याकाळी परत चालू."

डॉक्टरबाईंनी काही लिहायला घेतलं होतं, ते तिथेच थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला अजून नीट कळलं नव्हतं. मधले काही दिवस सकाळी लसणाचा वास येत नसे, तेव्हा मी मनातून सुटकेचा श्वास टाकत असे, ते मला आठवलं.

नर्सने हाक मारली म्हणून त्या उठल्या आणि मला खुणेने बाहेर बोलावलं. जिन्यापाशी उभं राहून त्यांनी समजावलं. जेवणात असतं तेवढं लसूण, आलं, हळद कुणाला काही करत नाही. पण असं रोज, ठरवून, एवढं घेतलं आणि वर ही गोळी, की रक्त फार पातळ होऊ शकतं. बाबा तपासणीआधी बंद करायचे, तेवढ्या दिवसांत रक्त घट्ट व्हायचं, रिपोर्टात घट्ट दिसायचं, की त्या गोळी वाढवायच्या. वाढलेली गोळी घेऊन तो घरी यायचा आणि बाबा पुन्हा सगळं चालू करायचे. प्रत्येक फेरीला थोडं अजून.

"त्यांनी नुसतं बंद केलं नसतं तरी मला रिपोर्टात दिसलं असतं," त्या म्हणाल्या. "मी गोळी कमी केली असती."

"आता काय करायचं?"

"गोळी सध्या थांबवली आहे. रक्त थांबायला हवं. पण जास्त दिवस थांबवता येणार नाही, झडपेवर गाठ धरेल. पुन्हा सुरू करायची वेळ येईल तेव्हा पुन्हा डोक्यात सुटायची भीती आहेच."

"म्हणजे दोन्हीकडून."

"दोन्हीकडून. वाट बघणं एवढंच आहे आत्ता. आणि त्यांना कसलाही ताण नको. रक्तदाब चढला तर परत सुटेल." मग म्हणाल्या, "सासऱ्यांना सांगावं लागेल. नाहीतर ते परत देतील. तुम्ही सांगाल? मी सांगितलं तर ते मला विचारतील, की तुम्ही आधी नीट का विचारलं नाहीत. आणि ते खरं आहे. मी नाही विचारलं."

मला त्या बाईवर ओरडायचं होतं. ओरडायला म्हणून तोंड उघडलं आणि पाहिलं तर त्यांचे डोळे लाल झालेले. ओरडणंही राहून गेलं. राग काढायला एक माणूस मिळेना मला त्या इमारतीत.

बाबा बाकावर बसले होते. मांडीवर पिशवी, पिशवीत थर्मास. मी शेजारी बसायच्या आत तेच बोलायला लागले.

"माझंच चुकलं गं."

मला वाटलं, यांना कळलं. सुटले एकदाची, सांगावं लागणार नाही. मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"मी खंड पाडायला नको होता," ते म्हणाले. "आता बसल्या बसल्या हिशोब जुळला बघ. तुला ते डाग दिसायचे ना उशीवर? कधी दिसायचे, आठव. तपासणी झाल्यावर. दर वेळी. त्या दंडावरचं निळं, तेही तपासणीनंतर. आणि हेसुद्धा. मी बंद करायचो तेवढ्या दिवसांत त्याच्या रक्तातला जोर जायचा. रिपोर्टच्या नादाला लागून मी पोराला उपाशी ठेवलं. आता एक दिवस चुकवणार नाही. त्याच्या घशातली नळी काढली की लगेच सुरू करू, मी काढा आणलाय बरोबर."

सगळं बरोबर पाहिलं होतं त्यांनी. मी पाहिलं नव्हतं ते पाहिलं होतं. डाग केव्हा पडायचे तेसुद्धा. आणि शेवटी जाऊन नेमके उलट्या दारात उभे राहिले होते. माझी जीभ लांब आहे असं सगळे म्हणतात, दुकानातल्या पोरी मला घाबरतात. त्या बाकावर मला एक वाक्य जुळवता येईना.

"बाबा," मी म्हटलं, "बंद केलं म्हणून नाही झालं."

"मग?"

"परत चालू केलं म्हणून."

मी सांगितलं. डॉक्टरबाईंनी सांगितलं तसंच, त्याच क्रमाने. मधे एकदाही त्यांनी मला तोडलं नाही. एरवी मी बोलले की ते दर वाक्याला 'तसं नाही' म्हणतात. मी वाट बघत होते, म्हणतील. त्यांनी म्हटलं असतं तर मी भांडले असते, बरं वाटलं असतं मला. ते फक्त ऐकत राहिले आणि मी संपल्यावरही ऐकत असल्यासारखे बसले.

"म्हणजे मी," ते म्हणाले.

"तुम्ही नाही हो बाबा. तुम्हाला काय माहीत."

"मग कोण?"

एक वॉर्डबॉय स्ट्रेचर ढकलत गेला, त्याला वाट द्यायला आम्ही दोघांनी पाय आत घेतले. स्ट्रेचर गेल्यावर बाबांनी विचारलं, "मग आता मी त्याला काय देऊ?"

"काही नाही."

"थोडंसुद्धा नाही? नुसतं मध-पाणी?"

"काहीच नाही, बाबा. डॉक्टर देतील तेवढंच."

"मग मी काय करू इथे?"

"बसा," मी म्हटलं. शब्द तोंडातून गेला आणि कुठल्या माणसाला आपण काय सांगितलं ते मला कळलं. पण दुसरं काय सांगणार होते. खरोखरच दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, त्यांनाही आणि मलाही. ते उठले, बेसिनपाशी जाऊन थर्मास ओतला, खळखळून धुतला, परत धुतला आणि रिकामा घेऊन येऊन बसले.

काही दिवस गेले. नवऱ्याची नळी काढली. डावा हात निपचित, तोंडाची एक बाजू खाली आलेली, पण डोळे तेच. मला बघून उजव्या बाजूने हसला. शब्द जड यायचे, एकेक. डॉक्टरबाईंनी दारातच बजावलं, गोळी कालपासून परत सुरू केलीय, आजचा-उद्याचा दिवस फार जपायचा, त्याला चिडू देऊ नका, रडू देऊ नका. मग बाबांना आत घेतलं.

बाबा पलंगापाशी उभे राहिले. रिकामे हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. नवऱ्याने त्यांच्या हातांकडे पाहिलं, मग पिशवीकडे, मग परत तोंडाकडे.

"बाबा. आणलं. नाही?"

"काय रे?"

"माझं. सकाळचं." आणि उजव्या हाताने पेला पालथा केल्याची खूण केली. त्याला वाटत होतं, आपण ते मागितलं की म्हातारा खूश होईल. माझा नवरा आहे तो, मला त्याचं मन वाचता येतं. मरता मरता वाचलेला माणूस बापाचं मन राखायला निघाला होता.

बाबांच्या ओठांची हालचाल झाली. "अरे, ते," म्हणाले, आणि थांबले. डोळे भरले. "बाळा, तुला एक सांगायचं होतं. ते जे मी," आणि मला कळलं, हे आता सगळं सांगणार. इथे, या पलंगापाशी, आत्ता. पोराच्या डोक्यातली शीर परत कधी सुटेल सांगता येत नाही आणि बाप त्याला सांगणार की मीच केलं. त्याने वाचायचं कसं त्यातून? आणि वाचला तर पुढे घरात बापाच्या तोंडाकडे बघायचं कसं? पलंगावरच्या यंत्रातले रक्तदाबाचे आकडे मला दिसत होते.

"मी बंद केलं ते," मी म्हटलं.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"मीच सांगितलं बाबांना, आता घरात हे चालणार नाही म्हणून. मला नको आहे ते. ते आणणारच होते, मी आणू दिलं नाही."

माझा आवाज नेहमीसारखा खणखणीत आला. नवऱ्याचा चेहरा बदलला. अर्धाच बदलला, अर्धा तसाच राहिला, ते बघवत नव्हतं. त्याने बराच वेळ शब्द गोळा केले.

"म्हातारा माणूस," तो म्हणाला. "एवढं. करतो. आणि तू."

"हो. मी," मी म्हटलं. "झोप आता."

त्याने मान भिंतीकडे वळवली. आकडे थोडे वर गेले आणि हळूहळू खाली आले. मी त्यांच्याकडेच बघत होते. बाबांनी काहीतरी बोलावं असं मला वाटत होतं. सगळं नको, एखादाच शब्द, की ती वाईट नाही रे. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, त्याच्या केसांवरून हात फिरवायला लागले आणि म्हणाले, "असू दे. असू दे. मी आहे ना."

नवऱ्याने उजव्या हाताने त्यांचा हात घट्ट धरला. मी अभ्रा बदलायला घेतला होता, तो तसाच हातात राहिला. बाबांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.